हिशेब उघड्यावर मांडणारा माणूस



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना गणित आवडायचं असं मला संयोजकांनी सांगितलं. म्हणून मी विषय गणिताचाच घेतला, पण माणसांच्या गणिताचा. आजकाल विद्यापीठांतून 'संगणकीय समाजशास्त्र' नावाची एक नवी शाखा गाजते आहे. लाखो लोकांच्या फोनच्या नोंदी, उपग्रहाची चित्रं, बँकेचे व्यवहार घ्यायचे आणि त्यांतून समाज कसा चालतो हे गणिताने काढायचं. अमेरिकेत, युरोपात या विषयाचे मोठमोठे संशोधक आहेत. त्यांच्याबद्दल मी बोलू शकलो असतो. पण मी म्हटलं, बारामती तालुक्यातल्या सुप्यात येऊन परगावचे दाखले कशाला द्या? हे काम आपल्या मुलखात फार आधीपासून चाललेलं आहे. चांगलं झालं आहे, वाईटही झालं आहे. आणि ज्याने ते सगळ्यात चांगलं केलं तो माणूस इथून फार लांबचा नाही. साताऱ्यात जन्मला, पुण्यात राबला. विनायक महादेव दांडेकर. वि. म. दांडेकर.

त्यांच्याकडे येण्याआधी मला थोडं मागे जाऊ द्या. सुपे परगणा म्हटलं की आपण शहाजीराजांच्या जहागिरीकडे जातो, संभाजी मोहिते मामांची गोष्ट निघते, आणि तासभर कसा गेला कळत नाही. आज मी तिकडे जाणार नाही. मी जाणार आहे १२ मे १८७५ या तारखेला.

त्या दिवशी या गावात काय झालं? आसपासच्या खेड्यांतले शेतकरी इथे जमले आणि सावकारांच्या दुकानांवर, घरांवर गेले. त्यांनी काय मागितलं? दागिने मागितले का? आधी त्यांनी मागितल्या वह्या. खतं मागितली, रोखे मागितले, आणि हाती आले ते जाळले. धान्याची दुकानंही लुटली गेली, काही ठिकाणी घरांना आगी लागल्या. पण सगळा रोख कागदावर होता. मग ते लोण भीमथडीत, इंदापुरात, शिरूरकडे, नगर जिल्ह्यात पसरलं. ९५१ माणसं पकडली गेली, ५०१ जणांना शिक्षा झाल्या. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात.

मंडळी, कागद का जाळला? त्या वहीत काय लिहिलंय ते कुणब्याला वाचता येत नव्हतं म्हणून. मुद्दल किती, व्याज किती, मागच्या सुगीला दिलेले रुपये जमा धरले की नाही, काही पत्ता नाही. आकडा त्याच्याबद्दलचा, त्याच्या जमिनीबद्दलचा, आणि तोच त्याला दिसत नाही. पुढे सरकारने चौकशी आयोग नेमला, त्याचा अहवाल १८७८ साली आला, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कर्जनिवारणाचा कायदा झाला. त्या कायद्यात बऱ्याच गोष्टी होत्या. मला त्यातली एक छोटी तरतूद फार मोलाची वाटते: सावकाराने पैसे मिळाल्याची लेखी पावती द्यायची, आणि कुळाने मागितलं तर वर्षाचा हिशेब काढून दाखवायचा. म्हणजे सुप्यात पेटलेल्या आगीतून जे हाती लागलं त्यात एक हक्क होता, हिशेब बघण्याचा. आज मी जे काही बोलणार आहे ते या एका हक्काच्या भोवती आहे.

सावकाराचं झालं. सरकार काय करत होतं? त्यासाठी इंदापूरला जाऊ. १८२०च्या दशकाच्या शेवटी प्रिंगल नावाचा एक तरुण इंग्रज अधिकारी पुणे जिल्ह्याची मोजणी करायला निघाला. हा मुलगा इंग्लंडात हेलीबरीच्या कॉलेजात शिकलेला. तिथे अर्थशास्त्रज्ञ माल्थस शिकवायचा, आणि रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत त्या काळी नवाकोरा होता. प्रिंगलने ठरवलं, सिद्धांताप्रमाणे सारा लावायचा. प्रत्येक प्रतीच्या जमिनीत पीक किती येतं ते काढायचं, त्यातून बी-बियाणं, बैल, मजुरी वजा करायची, जो निव्वळ नफा उरेल त्याचे ५५ टक्के सरकारचे. कागदावर इतकं सुरेख काम हिंदुस्थानात कोणी केलं नव्हतं! आणि झालं काय? इंदापूर तालुक्यात लोक जमिनी टाकून निघून गेले. उत्पन्नाचे अंदाज चुकलेले, खालच्या नोकरांनी प्रतवारीत केलेले घोटाळे, आणि वर पाऊस इंदापूरचा. पाच सालांत एक साल धड. सिद्धांतात सरासरी पाऊस होता, इंदापुरात कधी पडत नाही तेवढा.

मग १८३५-३६ साली गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट ही जोडी आली. त्यांनी सिद्धांत गुंडाळून ठेवला. मातीची खोली किती, चुनखड आहे का, उतार आहे का, पाणी साचतं का, एवढं पाहायचं. त्यावरून आणे ठरवायचे. दर कमी ठेवायचा आणि तीस वर्षं हलवायचा नाही. पडीक जमिनी पुन्हा लागवडीला आल्या. ही पद्धत पुढे सगळ्या मुंबई इलाख्यात गेली. आज तुमच्या घरात जो सातबारा आहे त्याची पाळंमुळं त्या इंदापूरच्या मोजणीत आहेत. तीस वर्षं सरली, १८६७ला फेरमोजणी झाली, सारा वाढवला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला आलेला भाव नेमका तेव्हा उतरला होता. पुढे १८७५ला काय झालं ते मी मघाशी सांगितलंच.

आता दांडेकर.

६ जुलै १९२०चा जन्म. संख्याशास्त्र शिकले कलकत्त्याला. त्या काळी संख्याशास्त्र म्हणजे कलकत्ता आणि कलकत्ता म्हणजे महालनोबिस. तिथून १९४५च्या सुमाराला पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत आले. ही संस्था १९३०ची. साताऱ्याच्याच रावबहादूर काळ्यांच्या देणगीतून उभी राहिलेली, आणि धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. गाडगीळांचा एक आग्रह होता: अर्थशास्त्र पुस्तकातून शिकायचं ते शिका, पण गावात जाऊन विचारल्याशिवाय लिहायचं नाही. वाई तालुक्याची पाहणी, पुणे शहराची पाहणी अशी कामं त्या संस्थेने केली. त्या वातावरणात हा गणिताचा माणूस येऊन पडला.

पहिली काही वर्षं त्यांनी काय केलं? इरावतीबाई कर्व्यांबरोबर महाराष्ट्रातल्या वेगवेगळ्या जातींच्या माणसांची शरीरमापं घेण्याच्या मोठ्या कामाचं गणित केलं. ते पुस्तक १९५१ला निघालं. लोकसंख्याशास्त्रात एक फार सुंदर निबंध लिहिला, १९५५ साली. बाईला मूल झालं की पुढचे काही महिने पुन्हा मूल होण्याची शक्यता शून्य असते. नाणेफेकीच्या नेहमीच्या गणितात हे बसत नाही. छापा पडल्यावर नाणं काही महिनाभर विश्रांती घेत नाही. दांडेकरांनी ते गणितच बदललं. समाजातली गोष्ट गणिताच्या साच्यात बसेना तर साचा कापायचा, गोष्ट नाही! प्रिंगलचं नेमकं उलटं. त्यांच्या पत्नी कुमुदिनीबाई दांडेकर याही मोठ्या लोकसंख्याशास्त्रज्ञ. खेड्यापाड्यांतल्या जननदराच्या पाहण्यांत त्यांचं काम आहे. त्यांच्यावर वेगळं व्याख्यान ठेवा असं मी संयोजकांना सुचवतो.

त्याच काळात आणखी एक काम झालं, ते मला फार महत्त्वाचं वाटतं आणि त्याचं नाव कोणी घेत नाही. १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. देशातल्या निवडक कुटुंबांना विचारायचं, महिन्याला किती खर्च करता, काय खाता. प्रश्नावली कलकत्त्याला तयार झाली. पुण्यात गोखले संस्थेने स्वतःच्या वेगळ्या पत्रिका करून काही ठिकाणी पाहणी केली, आणि दांडेकरांनी १९५३ साली त्यावर अहवाल लिहिला. दोन पत्रिका, विषय एकच. यात मुद्दा काय? प्रश्न कसा विचारला यावर उत्तर ठरतं. गेल्या आठवड्यात किती डाळ आणली असं विचारलं तर एक आकडा येतो, गेल्या महिन्यात असं विचारलं तर दुसरा. हा वाद देशाच्या दारिद्र्याच्या आकड्यांमागे आजही लागलेला आहे. पुण्यात तो पहिल्याच फेरीत ओळखला गेला.

मग कूळकायदा. १९४८चा कायदा लागू झाला, कागदोपत्री कुळांना संरक्षण मिळालं. दांडेकर आणि खुदानपूर यांनी प्रत्यक्ष नोंदी तपासल्या. १९५७ला अहवाल आला. त्यात दिसलं काय, तर कुळांनी जमिनी 'स्वेच्छेने' सोडल्याच्या नोंदी मोठ्या प्रमाणावर. मंडळी, इथे बसलेल्या वयस्कर माणसांना त्या 'स्वेच्छे'चा अर्थ मी समजावून सांगायची गरज नाही. कोण हसलं मागे? त्यांना माहीत आहे.

आता मी ज्यासाठी हा माणूस निवडला तिथे येतो. जानेवारी १९७१. मुंबईच्या 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'च्या दोन अंकांत एक दीर्घ निबंध छापून आला. लेखक दांडेकर आणि नीलकंठ रथ. नाव साधं, 'भारतातील दारिद्र्य'. त्याच वर्षी 'गरिबी हटाओ'वर निवडणूक झाली. म्हणून हा निबंध राजकारणासाठी लिहिला असं काहींना वाटतं. तसं नाही. तो अभ्यास आधीपासून चालू होता.

त्याआधी गरिबीची रेषा होती का? होती. १९६२ साली नियोजन मंडळाच्या एका गटाने सांगितलं होतं की माणशी महिना २० रुपये हवेत. त्या गटात गाडगीळ होते, अण्णासाहेब सहस्रबुद्धे होते, मोठी माणसं होती. पण ते वीस रुपये कुठून आले? त्याचा हिशेब कागदावर सापडत नाही. दांडेकर-रथांनी काय केलं? त्यांनी सांगितलं, माणसाला रोज सरासरी २,२५० कॅलरी लागतात असं धरा. आता नमुना पाहणीत बघा, कोणत्या खर्चगटातली माणसं प्रत्यक्षात एवढं खातात. ग्रामीण भागात तो खर्च वर्षाला माणशी १८० रुपये निघाला, शहरात २७० रुपये. हे १९६०-६१च्या भावांनी. खेड्यात महिन्याला पंधरा रुपये, दिवसाला आठ आणे. आणि त्या रेषेखाली कोण? खेड्यातली सुमारे ४० टक्के माणसं, शहरातली सुमारे ५० टक्के.

यात नवं काय होतं, तर प्रत्येक पायरी उघडी होती. २,२५० का, हे विचारता येत होतं. पंधरा रुपयांत भाजी किती धरली, हे विचारता येत होतं. आणि लोकांनी विचारलं! पन्नास वर्षं विचारत आहेत. १९७९ला नियोजन मंडळाच्या एका कार्यगटाने खेड्यासाठी २,४०० आणि शहरासाठी २,१०० कॅलरी धरल्या. २००९ला सुरेश तेंडुलकरांनी कॅलरीचा आधारच काढून टाकला. हेही आपलेच मराठी अर्थशास्त्रज्ञ. २०११ साली शहरात बत्तीस रुपयांच्या आकड्यावरून देशभर गदारोळ झाला, 'बत्तीस रुपयांत जेवून दाखवा' म्हणून. लोक म्हणतात हा वाद हे अर्थशास्त्राचं अपयश आहे. मला ते पटत नाही. एखाद्या संशोधकाचा परिणाम कशावर मोजायचा? आजकाल विद्यापीठांत निबंधाचे किती संदर्भ घेतले गेले ते मोजतात. दांडेकरांच्या बाबतीत मी दुसरा आकडा धरेन: त्यांच्या हिशेबाशी किती माणसांना भांडता आलं.

सगळ्यात मोठं भांडण झालं ते साताऱ्याच्याच दुसऱ्या माणसाशी. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. साताऱ्यातल्या बुध गावचे, १९११चा जन्म, लंडनची डॉक्टरेट, पुढे रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख. निवृत्त होऊन पुण्याला आले. एकाच शहरात दोघे. सुखात्मे म्हणाले, तुमची २,२५० ही सरासरी आहे. निरोगी माणूस एक दिवस जास्त खातो, एक दिवस कमी. शरीर जुळवून घेतं. म्हणून रेषा सरासरीवर नको, सरासरीच्या बरीच खाली हवी. तेव्हा उपाशी किती, हा आकडा पुष्कळ उतरेल. शिवाय ते म्हणत, नुसतं अन्न वाढवून उपयोग नाही. स्वच्छ पाणी नसेल, पोटात जंत असतील, तर खाल्लेलं अंगी लागत नाही. हा दुसरा मुद्दा सोळा आणे खरा होता, आणि त्यावर आपण लक्ष उशिरा दिलं.

पण पहिल्या मुद्द्यावर दांडेकरांनी १९८१ साली त्याच साप्ताहिकात जोरदार उत्तर दिलं. त्यांच्या म्हणण्याचा गाभा माझ्या शब्दांत सांगतो. कमी खाणारी माणसं समाजात सगळीकडे सारखी विखुरलेली असती, श्रीमंतांतही आणि गरिबांतही, तर शरीर जुळवून घेतं म्हणता आलं असतं. पण कमी खाणारे सगळे गरिबांतच सापडतात, हा काय योगायोग? आणि त्यांच्या हातात चार पैसे जास्त आले की ताटातली भाकरी वाढते. शरीराला खरोखर पुरत असतं तर ती का वाढली असती? मी दोघांचेही निबंध पुन्हा पुन्हा वाचले आहेत. गणिताच्या दृष्टीने सुखात्मे चलाख होते, पण रेषा एवढी खाली नेण्याच्या बाबतीत मी दांडेकरांच्या बाजूचा. इथे कोणी वैद्यकीय अधिकारी बसले असतील तर चहाच्या वेळी भांडू.

गरिबी मोजली, मग करायचं काय? दांडेकर-रथ म्हणाले, जमिनी वाटून सगळ्यांना पुरणार नाहीत, तेवढी जमीनच नाही. ज्याला काम हवं त्याला सार्वजनिक कामांवर काम द्या, मजुरी द्या. त्याच सुमाराला १९७२चा दुष्काळ पडला. या भागातल्या आमच्या पिढीला तो सांगायला नको. पाझर तलावांची कामं, खडी फोडणं, सुकडी. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना तिथून उभी राहिली. त्यात वि. स. पागे यांचा वाटा पहिला. त्या योजनेचा कायदा १९७७ला झाला. दांडेकर त्या विचाराच्या मागे ठाम उभे होते.

इथपर्यंत मी देशाचं बोललो. आता सुप्याचं बोलतो. पीक विमा.

१९७६ साली दांडेकरांनी भारतातल्या पीक विम्यावर एक निबंध लिहिला. विम्याची कल्पना नवी नव्हती. म्हैसूर संस्थानात चक्रवर्ती नावाच्या गृहस्थांनी १९२०लाच पावसावर आधारलेला विमा मांडला होता. अडचण होती ती ही: एकेका शेतकऱ्याच्या रानात जाऊन त्याचं किती नुकसान झालं हे कोण मोजणार? विमा काढलेला माणूस खुरपणी करील की नाही याची खात्री काय? आणि विमा काढणार कोण, तर ज्याचं पीक बुडणार तोच. दांडेकरांनी सुचवलं, एकेकाला मोजूच नका. एकसारख्या रानांचा एक टापू धरा. त्या टापूचं सरासरी उत्पन्न काढा. ते ठरावीक पातळीच्या खाली गेलं तर टापूतल्या सगळ्या विमाधारकांना त्याच प्रमाणात भरपाई. एकाच्या कुचराईने सगळ्या टापूची सरासरी पडत नाही, म्हणून लबाडीला वाव नाही. १९७९ला प्रायोगिक योजना सुरू झाली, १९८५च्या खरिपापासून देशव्यापी. आजचा पीक विमा याच पायावर उभा आहे. आपल्याकडे बहुतेक पिकांना तो टापू म्हणजे महसूल मंडळ.

आणि सरासरी काढायची कशी? पीक कापणी प्रयोग करून. सर्व्हे नंबर चिठ्ठ्या टाकाव्यात तसा निवडायचा, त्या रानात चौकोनाचा कोपराही तसाच ठरवायचा, दोरी धरून चौकोन आखायचा, तेवढ्यातलं पीक कापायचं, मळायचं, वजन करायचं. या प्रयोगाचं शास्त्र कोणी घडवलं? सुखात्म्यांनी! चाळीसच्या दशकात त्यांचा महालनोबिसांशी वाद होता. महालनोबिस म्हणत, लहान लहान वर्तुळं पुष्कळ घ्या. सुखात्मे म्हणत, तुकडा लहान घेतला की कडेवरची ताटं आत ओढली जातात, आणि उत्पन्न उगाच जास्त दिसतं. १९४६ला त्यांनी हे 'नेचर'मध्ये छापलं. सुखात्मे जिंकले, म्हणून तुमच्या रानात आज मोठा चौकोन आखतात. म्हणजे जे दोघे पुण्यात भाकरीवरून भांडले, त्यांच्यातल्या एकाचा विमा आणि दुसऱ्याची दोरी तुमच्या बाजरीत एकत्र येतात.

आता माझी तक्रार. टापूची सरासरी हा दांडेकरांचा मोठा शोध, आणि त्याच शोधात तुमचं नुकसान लपलेलं आहे. बारामती तालुका म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काय येतं? नीरेचा डावा कालवा, १८८५चा. ऊस, कारखाने, हिरवंगार. आणि सुपे? जिरायत. बाजरी, ज्वारी, पाऊस पडला तर कांदा, जनाई-शिरसाई उपसा योजनेच्या पाण्याची वाट. तालुक्याची सरासरी काढली की सुप्याचा दुष्काळ उसात बुडतो. मंडळाची काढली तरी ओढ्याकाठचं रान आणि माळावरचं रान एकाच आकड्यात येतं. माळावरच्या माणसाची बाजरी करपली, मंडळाची सरासरी वाचली, त्याला काही मिळत नाही. त्याला कोणी फसवलेलं नाही. सूत्रच तसं आहे.

दांडेकरांना हे माहीत होतं का? टापू 'एकसारखा' हवा ही अट त्यांचीच होती. ती अट पुढे सोयीप्रमाणे पातळ होत गेली. कारण एकसारखा टापू म्हणजे लहान टापू, लहान टापू म्हणजे जास्त प्रयोग, जास्त प्रयोग म्हणजे जास्त माणसं आणि जास्त खर्च. पण दांडेकर स्वतःही सरासरीच्या मोहातून सुटले होते असं मी म्हणणार नाही. १९८३ साली राज्याने विकासाचा अनुशेष मोजायला त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९८४ला अहवाल आला, ३,१८६ कोटींहून जास्त अनुशेष. विदर्भ, मराठवाडा किती मागे पडले हे पहिल्यांदा रुपयांत दिसलं, आणि पुढचं सगळं राजकारण त्या आकड्यावर झालं. फार मोठं काम. पण मोजायचं एकक कोणतं? जिल्हा. पुणे जिल्हा म्हटला की त्यात मावळचा पाऊस आला, पिंपरीचे कारखाने आले, बारामतीचा ऊस आला. सुपे कुठे दिसणार? इंदापूरची पूर्वेची गावं कुठे दिसणार? आकडे ज्या एककात गोळा होतात त्यातच हिशेब करावा लागतो हे मी समजतो. तरी इथे येऊन ते न बोलणं बरं नव्हे.

मग वाटतं, आता संगणक आहे, उपग्रह आहे. प्रत्येक गटाचं, प्रत्येक गुंठ्याचं मोजता येईल. सरासरीची गरज काय? इथे ती नवी शाखा येते. २००९ साली 'सायन्स'मध्ये डेव्हिड लेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा जाहीरनामा म्हणावा असा लेख लिहिला. २०१५ला काही संशोधकांनी आफ्रिकेतल्या रवांडात लोकांच्या मोबाइल वापरावरून कोण किती गरीब याचे अंदाज काढले. पुढच्या वर्षी उपग्रहाच्या चित्रांवरून आफ्रिकेतल्याच पाच देशांचे गरिबीचे अंदाज आले. आणि २०२०च्या साथीत टोगो नावाच्या छोट्या देशाने या रीतीने गरीब ठरवून लोकांच्या फोनवर थेट पैसे पाठवले. घरोघर जायला बंदी असताना हे झालं. मी याला नावं ठेवणार नाही. वेळेला पैसे मिळाले.

आपल्याकडेही ते आलं आहे. १५ ऑगस्ट २०२१पासून ई-पीक पाहणी. तुम्ही स्वतः रानात उभं राहून फोटो काढता. उपग्रहावरून उत्पन्नाचे अंदाज विम्यात धरायला सुरुवात झाली आहे. एक रुपयात विमा २०२३ला आला, गेला. २०२५च्या खरिपापासून राज्यात भरपाई पुन्हा मुख्यतः कापणी प्रयोगावर आली. म्हणजे इतकं सगळं होऊन शेवटी सुखात्म्यांची दोरी उरली.

पण मला विचाराल तर काळजीची गोष्ट वेगळी आहे. दांडेकरांचा हिशेब चुकला असेल तर तो चुकला हे सांगता येत होतं, कारण तो पानावर होता. टोगोमधल्या एखाद्या बाईला पैसे मिळाले नाहीत, तिने विचारलं का नाही, तर तिला काय सांगायचं? तिने फोन केव्हा केले, किती रिचार्ज केलं, अशा शेकडो गोष्टी मिसळून यंत्राने एक आकडा काढला. तो आकडा का आला हे यंत्र लिहिणाऱ्यालाही एका वाक्यात सांगता येत नाही. न वाचता येणारी वही. आणि गंमत बघा, त्या यंत्राला शिकवण्यासाठी आधी हजारो माणसांना फोनवरून विचारावंच लागलं होतं, घरात काय आहे, काय खाता. विचारणं सुटत नाही. गाडगीळ हेच सांगत होते.

ही शाखा शिकणारी आपली मुलं-मुली आज पुण्यात, मुंबईत, परदेशात आहेत. त्यांतली काही या तालुक्यातलीही असतील. त्यांना दांडेकर शिकवले जातात का? बहुधा दारिद्र्यरेषेच्या एका परिच्छेदापुरते. त्यांचे हिशेबाचे तक्ते कोणी उघडत नाही. १९७०ला त्यांनी पुण्यात राजकीय अर्थशास्त्राची एक वेगळी संस्था काढली, शेवटपर्यंत तिथे लिहीत राहिले. ३० जुलै १९९५ला गेले. स्वातंत्र्यानंतरच्या अर्थव्यवस्थेवरच्या त्यांच्या ग्रंथाचा पहिला खंड १९९४ला आला, शेतीवरचा. दुसरा, लोकसंख्या, दारिद्र्य आणि रोजगारावरचा, ते गेल्यावर १९९६ला. दुसऱ्या खंडात नवी आकडेमोड आहे, जुन्याशी तुलना आहे, स्वतःच्या १९७१च्या हिशेबाची पुढची बाजू आहे. पंचवीस वर्षांनीही त्यांनी तो प्रश्न मिटला असं धरलं नव्हतं.

अध्यक्ष महोदय घड्याळाकडे बघत आहेत. एक व्यवहाराची गोष्ट सांगतो आणि बसतो. येत्या खरिपात तुमच्या गावात कापणी प्रयोग होईल तेव्हा बांधावर जा. सर्व्हे नंबर कसा निघाला ते विचारा. चौकोनाचा कोपरा कोणी आणि कसा ठरवला ते विचारा. कडेवरची ताटं आत धरली की बाहेर, तेही बघा. आणि वजनाचा आकडा ज्या कागदावर भरतात तो वाचल्याशिवाय त्याच्यावर सही करू नका.

आता तुमचे प्रश्न घेऊ. समोरच्या रांगेतल्या एका आजोबांनी मघाशीच हात वर केला होता, त्यांना आधी बोलू द्या. एवढंच सांगतो, मागच्या वर्षी तुमच्या खात्यात विम्याचे पैसे का आले नाहीत हे मला सांगता येणार नाही. ते कसे मोजले असतील, हे मात्र फळ्यावर मांडून दाखवतो. खडू आहे का कुणाकडे?